अवघड जागेचं

कुओपिओच्या हॉस्पिटलमागे एक कपाट आहे, उणे ऐंशी अंशांचं.
दार उघडलं की धुकं खाली सांडतं
माझ्या बुटांवर.
आत चारशे बारा पुरुष.
म्हणजे त्यांच्या नळ्या. नावं नाहीत, आकडे.

मी साइला. सुई टोचते आणि प्रश्न विचारते.
सुईला कुणी घाबरत नाही.

ओइवा रौतिआइनेन, वय अठ्ठावन्न.
ओंडक्यांचा ट्रक एकवीस वर्षं चालवला, मग सोडला.
का सोडला, या रकान्यात लिहिलेलं : पाठ.
मी विचारलं, पाठ?
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
तळं गोठलेलं, बर्फाला भोक पाडून
कुणी म्हातारा गळ टाकून बसला होता.
नुसता बसला होता, सकाळपासून.
ओइवा त्याच्याकडे असा बघत होता
जसा उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे.

मग म्हणाला, पाठ नव्हे. खाली.
सायकलचं सीट टेकतं ना, तिथं.
निखारा आत ठेवून वरून शिवून टाकावं, तसं.
सतरा वर्षं.
सात वेळा अँटिबायोटिक, सातही वेळा रिपोर्ट नॉर्मल.
एक डॉक्टर म्हणाला कॉफी सोडा,
एक म्हणाला, विचार करणं सोडा.
ट्रक तेवढा सुटला.

अवघड जागी दुखणं,
आणि समोर सुई घेऊन कोण,
तर शाळेतल्या मित्राची मुलगी.
त्याचे कान लाल झाले. माझेही.
मी कागद पुढे सरकवला.

वंशावळीत पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल.
दुखतं त्याचा चौकोन काळा करायचा.
त्यानं स्वतःचा केला, पेन्सिल दाबून,
मागच्या पानावर उमटेल इतका.
वडील?
छे. धडधाकट. लढाईतून आलेला माणूस.
पेन्सिल तशीच हवेत.

वडील उभ्यानं जेवायचे, तो म्हणाला.
खिडकीपाशी, लापशीचा वाडगा हातात.
आम्हाला वाटायचं, घोड्यावर नजर ठेवतात.
चर्चमध्ये दाराशी उभे, लोक म्हणायचे ताठा आहे.
दुधाची घसरगाडी रिकामी परतायची,
तरी तिच्या शेजारून चालत यायचे, अकरा किलोमीटर.
आई म्हणायची, घोड्याची दया येते त्यांना.

काळा करू?
नियम असा की ऐकीव दुखणं धरायचं नाही.
मेलेल्याची सही मिळत नाही.
मी चौकोनात प्रश्नचिन्ह काढलं,
आणि ते बराच वेळ
पाठीत वाकलेल्या माणसासारखं दिसत राहिलं.

भाऊ?
इल्पो, तोर्निओला असतो.
पन्नास वर्षं दोघं एकाच सौनात, अंगावर सूत नाही,
एकमेकांच्या पाठीला डहाळ्या मारत,
तरी ही एक गोष्ट झाकलेली.
ओइवानं कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन लावला.
दार पुरतं लागलं नव्हतं.
हवा. रस्ते. हवा.
मग, "इल्पो, तुला बसवतं का रे?"

पलीकडे इतकं शांत
की मला वाटलं फोन कटला.
मग ओइवाचा आवाज, खूप हळू :
"कुणी नाही सांगितलं. मलाच."

नळी क्रमांक चारशे तेरा, तोर्निओहून.

दोन वर्षांनी आलेख आला.
लाखो ठिपके, जुलैतल्या चिलटांसारखे,
आणि वर एक लाल रेघ.
एक ठिपका तिच्यापर्यंत पोचला होता.
आमच्या प्रोफेसरबाईंनी त्या दिवशी केक आणला.
दुसऱ्या गटाचं रक्त तपासलं
आणि ठिपका उतरून गर्दीत मिसळला.
अहवालाचं शेवटचं वाक्य :
आणखी नमुने लागतील.

हे सांगायला मी दोघांना बोलावलं.
तसं पत्रानं कळवता आलं असतं.

दार उघडलं तर वेटिंग रूममध्ये
भिंतीला लागून नऊ खुर्च्या, सगळ्या रिकाम्या,
आणि खिडकीपाशी दोन म्हातारे,
कागदी कप हातात धरून, खांद्याला खांदा,
तळ्याकडे तोंड करून उभे.
कशावरून तरी हसत होते.

तोंडावर आलेलं "बसा ना"
मी गिळलं,
आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.